हिंदुराव शिंगटे कुणामुळे बाद व्हायचा

"त्रिफळा," मी लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली.

पहिल्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज दोन तऱ्हांनी परत येतो. एक बॅटकडे बघत येतो, म्हणजे दोष लाकडाचा. दुसरा खेळपट्टीकडे वळून वळून बघत येतो, म्हणजे दोष मॅटिंगचा. हिंदुराव शिंगटे कशाकडेच बघत नव्हता. देवळाबाहेर चप्पल हरवलेला माणूस घरी जातो, तसा तो खाली मान घालून चालला होता.

माझ्या पाठीमागून आवाज आला, "झालं व्हय?"

"झालं, तात्या."

"आत्ता तर मी पान लावाय घेतलं."

"पान लावून होईपर्यंत टिकेल असं धरून चाललात, ही तुमची चूक."

तात्यांनी जिभेनं 'च्च' केलं. तात्या म्हणजे सर्जेराव डुबल, जुने पैलवान आणि तालमीचे वस्ताद. सत्तरीला आले होते, तरी बसले की दोन खुर्च्यांचा ऐवज. ते हिंदुरावचे होणारे सासरे. साखरपुडा होऊन नऊ महिने झाले होते आणि लग्नाची तारीख निघत नव्हती. कारण हिंदुराव आमच्या पंपांच्या कारखान्यात लेथवर होता खरा, पण हंगामी. क्रिकेट खेळतो म्हणून घेतलेला. तात्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "कायम झाल्याचा कागद दाखव, मग तारीख काढू." आणि कागद मिळणार होता तो धावांवर.

ही बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि रविवारी संघाचा स्कोअरर. दोन्हीकडे माझा नियम एकच होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही. वॉशरची गोणी आली तरी मी वॉशर मोजून घेत असे. लोक हसत, पण ऑडिटच्या दिवसांत हसत नसत.

स्कोअरबुकात सगळे लिहितात ते मी लिहीतच असे. शिवाय शेवटी एक जादा रकाना आखला होता: शेरा. रविवारी रकान्यात पडलेला शेरा सोमवारी सकाळी नीट अक्षरात कँटीनच्या फळ्यावर लागे. पोहे घेण्याआधी लोक तिथं गर्दी करत. "मुजावर: दोन झेल सोडले. सूर्य डोळ्यांवर आला असे म्हणतात. आभाळ भरलेले होते." "कुलकर्णी: धावबाद. स्वतःच बोलावले, स्वतःच नको म्हणाले." ज्याच्यावर शेरा असे तो सोडून सगळा कारखाना खूश असे. एवढ्या लोकांचं मनोरंजन एका माणसाच्या खर्चात होत असेल तर तो व्यवहार मला फायद्याचा वाटे.

त्या सोमवारी मी लिहिलं, "शिंगटे: शून्य. चेंडूची आणि त्यांची ओळख करून देण्यास कोणी नव्हते."

फाउंड्रीवाले तर टाळ्या वाजवत होते. हिंदुरावनं फळा वाचला, पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि लेथवर निघून गेला.

अकरा वाजता पर्सोनेल मॅनेजर देवस्थळी साहेबांनी मला बोलावलं.

"टेंबे, या शिंगट्यांचं करायचं काय?"

"मी फक्त लिहितो, साहेब."

"नेटमध्ये तो शेडचे पत्रे फोडतो. मेंटेनन्सची तक्रार आलीये माझ्याकडे. आणि मॅचमध्ये?"

मी वही नेलीच होती. "सात सामने. शून्य, चार, शून्य, चव्वेचाळीस, अडतीस, एक, शून्य."

"मधे काय झालं होतं त्याला?"

"मधलं मी पाहिलेलं नाही. मला कावीळ झाली होती. ते दोन आकडे टाइम ऑफिसच्या वग्याणींनी लिहिलेत, त्यामुळे मी त्यांच्याखाली सही केलेली नाही."

"बरं ऐका. येत्या रविवारी फायनल. एम.डी.साहेबांना क्रिकेटमधले दोनच आकडे कळतात, पन्नास आणि शंभर. त्यानं पन्नास केले, तर कायम करण्याचा कागद मी सोमवारी पुढे पाठवतो. नाही केले, तर मुदत तीस तारखेला संपते. मग तो आपल्या गावी आणि आपण आपल्या गावी."

हे मी मुजावरला सांगितलं. सलीम मुजावर आमचा कप्तान. अकरा वर्षं खेळत होता. माणूस सोन्यासारखा, फलंदाजी पितळेची. त्यानं डोक्याला हात लावला.

"काका, पोरगा हाताला घट्टे पडेपर्यंत सराव करतो हो. मग होतं काय त्याला?"

"ते शोधायचं असतं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी स्टोअरमध्ये सातही सामन्यांची पानं पसरून बसलो. स्टोअरमध्ये एखादा माल सारखा कमी भरायला लागला की मी पहिल्यांदा बघतो, त्या त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं. तेच इथं केलं. वारा, गोलंदाज, मैदान, नाणेफेक, बॅट, नाश्ता. काही जुळेना. मग प्रेक्षक घेतले. आणि एका ओळीवर माझं बोट थांबलं.

तो अपयशी ठरला त्या पाचही सामन्यांना तात्या डुबल हजर. चव्वेचाळीस आणि अडतीस केले त्या दोन्ही रविवारी तात्या विट्याला, थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला.

मी वही घेऊन मुजावरच्या घरी गेलो. वग्याणीही तिथंच सापडले. ते सगळीकडे सापडत.

"सासरा!" मुजावरनं मांडीवर थाप मारली. "साधी गोष्ट आहे. मला माझा सासरा बघत असला तर जेवता येत नाही, ह्याला बॅटिंग काय येणार?"

वग्याणी म्हणाले, "आणि सासरा तरी केवढा! माझ्या सासऱ्याएवढे त्यांच्यात तीन बसतील."

"तर मग रविवारी तात्या मैदानावर नकोत," मी म्हणालो.

"त्यांना उचलणार कोण?"

"कोण म्हणजे? काका," मुजावर म्हणाला. "ते तुमच्याच पाठीमागं बसतात. तुमच्याशीच बोलतात. तुम्ही न्या कुठंतरी."

"आणि फायनल लिहिणार कोण?"

वग्याणींनी छाती पुढे काढली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. वग्याणी उत्साही माणूस. पण उत्साही माणसाच्या हाती वही देणं म्हणजे मांजराला दूध तापवायला सांगणं. एकवीस वर्षांत कावीळ सोडली तर मी सामना चुकवला नव्हता. पण पोरगा नऊ महिने तारखेची वाट बघत होता. मी हो म्हणालो.

वडगावला त्या रविवारी कुस्त्यांचं मैदान होतं. मी तात्यांना निरोप धाडला की मला एकदा तुमच्याबरोबर कुस्त्या बघायच्या आहेत. सकाळी एस.टी. स्टँडवर ते फेटा बांधून उभे.

"आज मॅच न्हवं?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"आहे. पण मॅच काय, नेहमीचीच."

"फायनल नेहमीची?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "कुस्ती शिकायची फार इच्छा होती माझी."

"शिकायची?" त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत मोजलं.

"बघायची."

"हां. मग ठीक हाय."

दुपारी वडगावात पोचलो तेव्हा लहान जोड्या सुटत होत्या. हलगी वाजत होती. तात्यांचा एक पठ्ठ्या लढायचा होता, म्हणून मी आपला पुढच्या रांगेत, अगदी आखाड्याला लागून जागा बघितली आणि उपरणं टाकलं. तात्यांनी ते उचललं.

"हितं न्हाई. चला."

ते मला घेऊन पार मागं गेले. माणसांच्या सहा-सात रांगांच्या पाठीमागं एक ट्रॅक्टरची ट्रॉली होती, तिच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. मला पुढच्या माणसाचा कानच दिसत होता.

"तात्या, तुम्ही एवढे वस्ताद. तुम्हाला तर पुढं मानाची जागा देतील."

"देत्यात की. पर पठ्ठ्या लढत असला की मी त्याच्या नजरंला पडत न्हाई. तालमीत त्याच्या छाताडावर बसून शिकवायचं. मैदानात तोंड दाखवायचं न्हाई. आपण दिसलो की त्यो समोरच्याशी लढायचं सोडून आपल्याला दाखवायला लढतो. मग पकड सुटती." मग टाचा उंच करून ते आखाड्याकडे बघू लागले. "माझ्या वस्तादाचा कायदा हाय ह्यो. चाळीस वर्सं पाळतोय."

हलगीचा ठेका वाढला. माझ्या डोक्यात मात्र वहीचं पान उघडलं.

"मग तात्या, क्रिकेटच्या मैदानावर तुम्ही कसे काय समोर बसता?"

"कोण समोर बसतंय?"

"तुम्ही. दर रविवारी."

तात्या माझ्याकडे वळले. पठ्ठ्यानं तेवढ्यात डाव टाकला असावा, लोक ओरडले. पण तात्या माझ्याकडेच बघत होते.

"टेंबे, मी कुठं बसतो?"

"माझ्या पाठीमागं."

"तुमच्या पाठीमागं काय हाय?"

"पांढरा पडदा. साइटस्क्रीन."

"त्याच्याबी मागं. पडद्याच्या फटीतनं बघतो मी. पान संपलं तर तुमच्यापाशी येतो, ते त्यो आऊट झाल्यावर. हिंदूला आजपातूर ठावं न्हाई मी येतो म्हणून. पोरीनंबी सांगितल्यालं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "समोर बसतंय ते तुमचं टेबल. बॉल टाकणाऱ्याच्या खांद्यावरनं सरळ बघितलं, की पयलं दिसतंय ते टेबल, आन् टेबलामागं तुम्ही. कानावर पेन्सिल."

पायचीतचा निर्णय सरळ रेषेत बघता यावा, म्हणून मी टेबल पडद्याला लागूनच ठेवून घेत असे. परगावच्या मैदानांवरही हट्टानं. या जागेचा मला अभिमान होता.

"तात्या, तुम्हाला हे आधीच कळलं होतं?"

"कळलं हुतं की. आन् आज मला मैदानातनं काढायचं ठरलंय, हेबी कळलं हुतं. स्टँडावर तुमचं तोंड बघितलं तवाच. कुस्ती शिकणार म्हणं!" त्यांच्या पोटात हसू उमटलं आणि ते बराच वेळ तिथंच फिरत राहिलं. "मी म्हटलं, जाऊ दे. मला काढायच्या नादात ह्ये स्वतः निघालंय. चांगलंच झालं."

मी मनात सातही पानं पुन्हा चाळली. पाच सामने: तात्या हजर, मी हजर. दोन सामने: तात्या विट्याला, आणि मी कावीळ घेऊन अंथरुणात. मैदानावरच्या भेळवाल्यापासून पंचाच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांची हजेरी मी लावली होती. एका माणसाची राहून गेली होती.

"चला," तात्या म्हणाले. "पठ्ठ्या निकाल करून मोकळा झाला. मोठी कुस्ती बरोबरीत सुटणार, दोघं एकाच तालमीचं हायत. आपल्या पोराचं काय झालं बघू."

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. लांबूनच गुलाल दिसला. मुजावर धावत आला.

"काका, जिंकलो! एकशे चौऱ्याऐंशी केले आणि त्यांना एकशे साठात गुंडाळलं! हिंदू बघायला पाहिजे होता तुम्ही! नाही, नव्हता पाहिजे. नव्हता तेच बरं झालं. म्हणजे, तात्या नव्हते ते." तेवढ्यात त्याला माझ्या पाठीमागचे तात्या दिसले आणि त्यानं जीभ चावली.

"किती केले त्यानं?" मी विचारलं.

मुजावरचा चेहरा उतरला. "तेच तर. चला तुम्ही."

टेबलाभोवती सगळा संघ गोळा झाला होता. मधे देवस्थळी साहेब, आणि खुर्चीत वग्याणी, नापास झालेल्या पोरासारखे. मी वही ओढली. ती वही नव्हती, पूर आलेली नदी होती. चौकार रकान्याबाहेर गेले होते, एका नो-बॉलवर चहाचं वर्तुळ होतं. मी बेरीज केली. दुसऱ्यांदा केली. गोलंदाजांच्या बाजूनं एकशे चौऱ्याऐंशी बरोबर येत होते. फलंदाजांच्या बाजूनं एकशे एक्याऐंशीच.

"एकतिसावं षटक," मी म्हणालो. "चौथ्या चेंडूवर तीन धावा आहेत. फलंदाजाच्या नावापुढं त्या मांडलेल्याच नाहीत. कुणी मारला तो चेंडू?"

वग्याणी म्हणाले, "त्या वेळी मी जरा टेबलावर उभा होतो."

"टेबलावर?"

"खाली उभं राहवत नव्हतं हो, टेंबे!"

त्या वेळी खेळत होते दोघं. डावाअखेर हिंदुरावच्या नावापुढं अठ्ठेचाळीस मांडलेले होते. मुजावरच्या नावापुढं सत्तेचाळीस. मी पंचांकडे पाहिलं. पंच म्हणाले, चेंडू हद्दीबाहेर जातो का हे ते बघत होते, मारला कुणी ते लक्षात नाही. समोरचा संघ हरून, हस्तांदोलन करून गेला होता. एकूण धावा त्यांना मान्य होत्या. आमच्यातल्या आमच्यात कुणाच्या किती, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

देवस्थळी साहेब हळूच म्हणाले, "टेंबे, तुमची सही असली की एम.डी. पुढचं वाचत नाहीत. तुम्ही लिहाल ते खरं."

मी हिंदुरावला जवळ बोलावलं. गुलालातून फक्त त्याचे डोळे दिसत होते.

"ते तीन कुणाचे रे?"

"आठवत न्हाई, काका. आज मी मोजतच नव्हतो."

"आणि एरवी?"

तो बुटाकडे बघायला लागला.

"खरं सांग. मैदानात तुला भीती कुणाची वाटते?"

"कुणाची न्हाई."

"माझी?"

"तुमची न्हाई, काका." तो बुटाकडे बघतच म्हणाला. "गार्ड घेतला की तुम्ही खाली मान घालून लिव्हायला लागायचा. अजून बॉल टाकल्यालाबी नसायचा. मला वाटायचं, झालं. ह्यांनी लिव्हलं पण. सोमवारचं दिसायलाच लागायचं मला तिथनं."

"अरे, मी वेळ लिहीत होतो! फलंदाज किती वाजता आला, त्याची वेळ!"

"व्हय?" तो म्हणाला. "सांगायचं तरी."

एकवीस वर्षं मी लोकांना वाटेल ते ऐकवलं होतं, फळ्यावर चिकटवून. एवढं एक सांगायचं राहिलं होतं.

मी मुजावरकडे वळलो. "सलीम, तू समोर होतास. तीन धावा कुणाच्या?"

अकरा वर्षांत मुजावरचं एकही अर्धशतक नव्हतं. हे माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? दर मोसमाच्या शेवटी मी ते फळ्यावर लिहीत होतो. त्या तीन धावा त्याच्या झाल्या तर बरोबर पन्नास भरत होते. त्यानं वहीकडे पाहिलं, मग हिंदुरावकडे, मग लांब पिचकडे.

"हिंदूचे," तो म्हणाला. "मी नुसता पळालो."

स्टोअरमध्ये मी एक शिकलो होतो. माणूस स्वतःच्या विरुद्ध सांगतो तेव्हा मोजून घ्यायची गरज नसते. पण नियम तो नियम. न पाहिलेल्या मालावर सही करायची, तीही मी? मी पेन्सिल उचलली. ती बाजूला ठेवली आणि खिशातलं पेन काढलं, कारण आता खोडायचं नव्हतं.

आणि हात चालेना.

मी वर पाहिलं. हिंदुराव बघत होता, नऊ महिन्यांची तारीख डोळ्यांत घेऊन. मुजावर बघत होता. देवस्थळी साहेब चष्मा पुसून बघत होते. वग्याणी, पंच, अकरा खेळाडू, बारावा, मॅटिंग गुंडाळणारे, सगळे माझ्या पेनाच्या टोकाकडे. आकडा साधा होता, एक्कावन्न. पण पाचाच्या आधीच कागदावर शाईचा ठिपका पडला. 'टेंबे' हे नाव लिहायचं कसं, सुरुवात कुठून करायची, तेच आठवेना.

"काका, बरं वाटत नाही का?" मुजावरनं विचारलं.

"जरा..." मी म्हणालो. "जरा तिकडं बघाल का सगळे?"

कुणाला कळलं नाही. तात्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तालमीतल्या आवाजात ओरडले, "ए, पाठ करा रं सगळी! साहेब, तुम्हीबी! माणूस मैदानात हाय!"

वीस-बावीस माणसं वळली. गुलालानं माखलेल्या पाठींची एक रांग उभी राहिली, तिच्या टोकाला देवस्थळी साहेबांचा सफारी. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी तीन धावा मांडल्या, बेरीज पुरी केली आणि खाली सही केली.

"झालं," मी म्हणालो.

तरी कुणी वळलं नाही. शेवटी पाठमोऱ्या हिंदुरावचाच आवाज आला, "काका, बघू का आता?"